महिला सरपंचांचा छळ: ‘राजकारणात हे चालायचंच’ हे तुम्हाला पटतं का?

मैनावती: जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याचं प्रकरण आठवतंय? निवडून आलेल्या सरपंच बाईंना ‘सासूसोबत सरकारी जमिनीवर राहतात’ म्हणून अपात्र ठरवलं. हायकोर्टातही त्या हरल्या. शेवटी सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं पद परत दिलं आणि गावाला बाई सरपंच झालेली पचली नाही, हेही सुनावलं. राज्यात ग्रामपंचायतींत २०११ पासून निम्म्या जागा महिलांना आहेत. पण खुर्चीत बसल्यावर मनावर जे घाव होतात, ते कुणी मोजतं का?

रांगडा_गडी: ताई, पुरुष सरपंचाला काय पायघड्या घालतात? अतिक्रमण, थकलेली घरपट्टी, तिसरं अपत्य, विरोधक यातलं काहीही उकरून काढतातच. उलट महिला राखीव पदावरच्या बाईंविरुद्ध अविश्वास ठराव मंजूर व्हायला सदस्यांची तीन चतुर्थांश मतं लागतात. अजून किती संरक्षण हवं?

माजी_सरपंच: पाच वर्षं भोगलंय म्हणून सांगते. अविश्वासाची मला कधी भीती वाटली नाही. बोगस बिलाच्या चेकवर सही नाकारली आणि दुसऱ्या दिवसापासून गावच्या ग्रुपवर सुरू झालं: बाई रात्री कुणाच्या गाडीतून उतरली? पुरुषाला ‘पैसे खाल्ले’ म्हणतात. तो डाग ऑडिटनं तरी पुसता येतो, माझ्या चारित्र्याचं ऑडिट कोण करणार होतं? मुदत संपली, तरी मेसेज वाजला की अजून छातीत धडधडतं.

रांगडा_गडी: हे वाईटच. पण तक्रार का नाही केली?

माजी_सरपंच: पोलीस पाटील उपसरपंचाच्या भावकीतला. घरात सासूबाई म्हणाल्या, ‘राजीनामा दे, अब्रू तरी राहील.’ कुणाकडे जायचं होतं?

ग्रामसेवक_मराठवाडा: माझं थोडं वेगळं. कित्येक गावांत मासिक सभेला सरपंचपतीच येऊन बसतो आणि प्रोसिडिंगवर (सभेच्या नोंदीवर) सहीपुरतं बाईंना बोलावतात. तिथे विरोधकांची गरजच पडत नाही. (आमचे लोकही त्या पतीलाच ‘सरपंच’ म्हणतात, हेही कबूल.)

मैनावती: म्हणून म्हणते, तक्रार गावाबाहेर, जिल्हा परिषदेत ऐकली जावी. बदनामी सिद्ध झाली तर ती करणारा सदस्य अपात्र व्हावा.

रांगडा_गडी: इथेच माझा विरोध. उद्या कारभारावर बोललं तरी ‘बदनामी’ म्हणून सदस्य घरी पाठवतील.

माजी_सरपंच: कारभारावर खुशाल बोला. दप्तर तपासा, ग्रामसभेत मला उभं करा. मी उत्तरं द्यायलाच बसले होते.