पोलाद कारखान्याचा स्लॅग (भट्टीतून निघणारी दगडासारखी मळी) रस्त्यात घालणं सक्तीचं करावं का?

खडीमशीन: एकीकडे डोंगर फोडायचे, दुसरीकडे स्लॅगचे ढीग वाढू द्यायचे, हे थांबवा. डांबरी थरात स्लॅग सरसच: कडा धारदार, झीज कमी आणि अल्कधर्मी असल्यामुळे डांबर घट्ट धरतो. वरच्या थरातली जाड खडी स्लॅगचीच असावी, अशी अट निविदेतच घाला.

फुगवटा: कोणता स्लॅग? झोतभट्टीचा (जिथे खनिजापासून लोखंड बनतं) वेगळा, पोलादभट्टीचा (जिथे लोखंडाचं पोलाद होतं) वेगळा. पोलादभट्टीच्या स्लॅगमध्ये मोकळा चुना उरतो. पाणी लागलं की त्याचं आकारमान जवळपास दुप्पट होतं. मॅग्नेशिया (मॅग्नेशियम ऑक्साइड) आणखी संथ, तो वर्षांनंतरही फुगतो. ठेकेदार ताजा माल पायाच्या थरात दाबून मोकळा. पुढे उंचवटे आले, चिरा पडल्या की बोल रोलरवाल्याला.

खडीमशीन: म्हणूनच तो मुरवायचा असतो. चुंबकाने लोखंड काढा, पाणी मारत काही महिने उघड्यावर ठेवा. मग प्रसरण चाचणी: ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ७ दिवस, वाढ ०.५ टक्क्याच्या आत. नापास झाला तर पुन्हा मुरवा.

फुगवटा: कागदावर छान! ढिगाच्या वरचा नमुना पास होतो, पोटातला होत नाही. शिवाय आधी मुरवून नंतर फोडला, तर आतला कोरा चुना उघडा पडतो आणि सगळी मेहनत पाण्यात. आधी फोडा, मग मुरवा, अधूनमधून ढीग उलथा.

वजनकाटा: स्लॅग दगडापेक्षा साधारण पाचव्या हिश्श्याने जड. तेवढ्याच घनफळाला फेऱ्या जास्त, त्यामुळे कारखान्यापासून लांबच्या कामावर सक्ती म्हणजे डिझेल जाळणं. जाड स्लॅग आणि बारीक दगडी कच मिसळताना प्रतवारी (जाड-बारीक मालाचं प्रमाण) घनफळावर काढा. वजनावर काढली तर जाड माल कमी पडतो. स्लॅग सच्छिद्र असल्याने डांबरही जास्त पितो.

गटारनळी: पाण्याचं कुणीच बोलत नाही. पायाच्या थरातून झिरपणाऱ्या पाण्याचा सामू (pH) ११-१२ पर्यंत जातो. हवा लागली की त्यातून कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर बसतो आणि निचऱ्याच्या नळ्या बुजतात. औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या भरावाला निदान बाजूंनी मातीचं जाड कवच देतात, स्लॅग मात्र उघडाच.

खडीमशीन: डांबरात लपेटलेल्या खडीला पाणी फारसं लागत नाही, म्हणून मी वरच्या थरापुरतंच म्हणतोय. पुलाच्या भिंतीमागे, जिथे फुगायला जागा नाही, तिथे मीही घालणार नाही.

फुगवटा: मग निविदेत नुसतं ‘स्लॅग’ लिहू नका. भट्टीचा प्रकार, फोडल्याची तारीख आणि ढिगाच्या पोटातल्या नमुन्याचा अहवाल मागा. एवढं येत नसेल, तर दगडी खडी बरी.