मदत हवी आहे: .32 रिव्हॉल्व्हर, एक 2 इंची, एक 3 इंची. काडतूस कोणतं ठेवू?

नमस्कार मंडळी. आमची संत्र्याची बाग वरूड तालुक्यात, घर वावरातच. तोडीच्या दिवसांत मजुरीचा पैसा घरात असतो, म्हणून बाबांनी स्वसंरक्षणाचा परवाना काढला होता. ते गेल्यावर हत्यारं माझ्या परवान्यावर आली. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर दोनच ठेवता येतात, त्यामुळे बारा बोअरची बंदूक जमा केली. रानडुकरांसाठी विचारत नाही, त्याचा कायदा वेगळा आहे.

एक रिव्हॉल्व्हर कानपूरचं, नळी 3 इंची. दुसरं जुनं विलायती, नळी जेमतेम 2 इंच. दोन्हीत .32 स्मिथ अँड वेसन लाँगच चालतं. सध्या 98 ग्रेन वजनाची, गोल नाकाची शिशाची गोळी आहे.

मागे संध्याकाळी रेंजवर दोन्ही चालवली. छोट्याच्या तोंडातून एवढा जाळ निघाला की पुढची दोन मिनिटं मला टार्गेट नीट दिसेना. कारण समजतं. आखूड नळीत दारू पुरती जळायच्या आत गोळी बाहेर पडते, शिवाय चक्री अन् नळीमधल्या फटीतून दाब निसटतो तो वेगळाच. त्यात .32 मुळात मंद, 4 इंची नळीतूनही सेकंदाला 220 मीटरच्या आसपास.

एका दोस्ताचं म्हणणं, पोकळ नाकाची घे. पण ती लागल्यावर उमलायला, म्हणजे फुलून रुंद व्हायला, वेग लागतो, तो 2 इंचीतून कुठून आणू? मला स्पर्धेतले नेमबाज वापरतात ती सपाट तोंडाची वॅडकटर बरी वाटते. तिचं भोक गोळीच्या पुऱ्या रुंदीचं पडतं, वेग कमी असला तरी. धक्काही हलका. पण रेंजवरच डोळे मिटून भरून पाहिली तर सहातल्या दोन चक्रीतल्या चेंबरच्या, म्हणजे काडतुसाच्या खोबणीच्या, काठाला अडल्या. गोल नाकाच्या सहाही सरळ आत गेल्या. रात्री, घाबरलेल्या हाताने, हे कसं जमायचं?

खरी काळजी मात्र दुसरीच आहे. अंगणापलीकडे चाळीस फुटांवर टिनाचं शेड आहे. तोडीच्या दिवसांत मेळघाटातले मजूर लेकरांसह तिथंच झोपतात. गोल नाकाची गोळी फुलत नाही. नेम चुकला तर ती टिनातून सरळ आरपार जाईल, ह्या विचाराने मला झोप येत नाही.

2 इंचीतून वॅडकटर कोणी प्रत्यक्ष चालवली आहे का? टिनामागे ती कितपत जाते? की 2 इंची घरात ठेवूच नये, 3 इंचीवरच भागवावं? ज्यांनी स्वतः करून पाहिलं त्यांनी कृपया लिहा. पुढच्या आठवड्यात तोड सुरू होते.