घरून लेक्चर रेकॉर्ड करते, पोरं दोन मिनिटांत बंद करतात. काय चुकतंय?

डेबिट_क्रेडिट (कळवा):

नमस्कार मंडळी. मी बारावी कॉमर्सला अकाउंट्स शिकवते, वर्गात उभं राहून एकवीस वर्षं झाली, फळा आणि खडू असला की मला कोणाची भीती वाटत नाही. पण यंदा क्लासवाल्यांनी सांगितलंय की भागीदारीची अंतिम खाती पूर्ण रेकॉर्ड करून द्या, मुलं घरी बघतील आणि वर्गात फक्त गणितं सोडवायची. कल्पना चांगली आहे हो, पण माझे व्हिडिओ इतके रटाळ झालेत की माझे मलाच बघवत नाहीत. यूट्यूबवर अनलिस्टेड टाकते (लिंक असेल त्यालाच दिसतं), तिथे कळतं की 48 मिनिटांच्या लेक्चरला पोरं सरासरी दोन मिनिटं थांबतात. दोन मिनिटांत तर माझं नमस्कार-चमत्कार आणि मागच्या लेक्चरची उजळणीच होते.

सेटअप सांगते, हसू नका. वन बीएचके, बेडरूमची खिडकी रुळांच्या बाजूला, त्यामुळे दिवसा दर दोन मिनिटांनी लोकल. म्हणून मी शेवटची लोकल गेली की रात्री एकच्या पुढे रेकॉर्ड करते. मोबाईल पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवते, टेबलावर कागद, कधी लॅपटॉपवर पीपीटी. क्लासने एक रिंग लाइट दिलाय तो चष्म्यात गोल गोल दिसतो, मी घुबडासारखी दिसते असं लेकीचं मत. मिस्टर म्हणतात चांगला कॅमेरा घे एकदाचा, 45 हजारांपर्यंत जाऊ. घेऊ का? की दुसरंच काही चुकतंय?

पाचपाखाडीचा पप्पू:

कॅमेरा अजिबात घेऊ नका. पैसे वाचवा, मेमध्ये एसी घ्या त्याचा. पंखा बंद करून रेकॉर्ड करताना कळेल मी का म्हणतोय.

साउंडवाला_वाशी:

ताई एखादी लिंक व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, ऐकून सांगतो. मी नाटकांना साउंड बघतो, भावे, गडकरी, कुठे कुठे. शिकवण्यातलं काही कळत नाही पण कान बरे आहेत.

डेबिट_क्रेडिट:

पाठवली. सुरुवातीची पाच मिनिटंच ऐका प्लीज, पुढे मी स्वतःच झोपाळलेय.

साउंडवाला_वाशी:

ऐकला. मुद्दाम ऐकला म्हणतोय, मोबाईल पालथा ठेवून, चित्र न बघता. ताई स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुम्ही कुजबुजताय. घरात माणसं झोपलीत हे तुमच्या आवाजात ऐकू येतंय. एकवीस वर्षं साठ पोरांच्या वर्गात मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवणारी बाई आणि या व्हिडिओतली बाई एकच आहे असं मला कोणी सांगितलं तर पटणार नाही. वाक्याच्या शेवटी आवाज पडतो, आणि अकाउंट्समध्ये नेमका शेवटीच मुद्दा असतो ना, डेबिट का क्रेडिट ते! तोच शब्द गिळला जातोय. रात्री एक वाजता कोणीही रटाळच बोलेल. आमच्याकडे मोठमोठे नट दुपारच्या प्रयोगाला जेवून आले की आवाज बसतो, तुम्ही तर दिवसभराचं सगळं उरकून बसताय.

त्यामुळे पहिलं काम, दिवसा रेकॉर्ड करा आणि उभं राहून बोला. लोकल गेली तर गेली. थांबा, पाणी प्या, तेच वाक्य पहिल्यापासून म्हणा, मधलं नंतर कापता येतं. कुजबुज कापता येत नाही.

दुसरं, बांगड्या. लिहिताना टेबलावर आपटतात आणि मोबाईल त्याच टेबलावर आहे म्हणजे तो खडखडाट लाकडातून थेट आत जातो. तेवढ्यापुरत्या काढून ठेवा, आणि मोबाईलखाली जुना टॉवेल चौघडी करून घाला. कॉलर माईक घेतलात तर मंगळसूत्र आणि ओढणी माईकला घासत नाहीत ना ते बघा, ती खसखस ऐकताना डोकं उठतं.

माईक घ्याच. बोयाचा बीवाय-एम वन हजाराच्या आसपास मिळतो, वायर सहा मीटर लांब, वर्षानुवर्षं लोक वापरतायत. त्याच्या डबीवर एक बटण असतं, मोबाईलला लावताना ते स्मार्टफोनच्या बाजूला पाहिजे, कॅमेऱ्याच्या बाजूला राहिलं तर आवाजच येत नाही आणि लोक माईक खराब निघाला म्हणून परत करतात. मोबाईलला गोल जॅक नसेल तर टाइप-सीवाला घ्या. हनुवटीच्या एक वीत खाली लावायचा. आत्ता तुमचा मोबाईल तीन फुटांवर आहे. अंतर दुप्पट केलं की तुमचा आवाज साधारण सहा डेसिबलने पडतो, पण खोलीचा घुमारा तेवढाच राहतो, म्हणून तुम्ही विहिरीतून बोलल्यासारख्या वाटता.

घुमाऱ्याला उपाय घरातच आहे. खोलीत टाळी वाजवा, मागे टण्ण असं आलं की समजायचं भिंती बोलतायत. कपड्यांचं कपाट उघडं ठेवा, मोबाईलच्या मागे दोरीवर गोधडी टाका. खान अकॅडमीवाला सलमान खान (तो नव्हे, दुसरा) सुरुवातीची कित्येक वर्षं घरातल्या कपड्यांच्या लहानशा खोलीत बसूनच व्हिडिओ करायचा, त्याला काय स्टुडिओ नव्हता.

ऐरोलीकर_आयटी:

साउंडवाल्यांशी सहमत. थोडी चित्राची बाजू सांगतो.

रिंग लाइट घडी करून माळ्यावर टाका. दिवसा खिडकीकडे तोंड करून बसा, खिडकी पाठीमागे आली की चेहरा काळा. कागदावर लिहून शिकवत असाल (आणि अकाउंट्स तसंच शिकवावं, पीपीटीवर तयार खातं दाखवून पोरांना काही कळत नाही) तर मोबाईल वरून खाली बघणारा लावा, लवचिक मानेचा स्टँड मिळतो. उजव्या हाताने लिहिता ना? मग उजेड डावीकडून यायला हवा, नाहीतर तुमच्याच हाताची सावली आकड्यांवर. फोकस लॉक करायला विसरू नका, स्क्रीनवर कागदाच्या जागी बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये लॉक होतो, नाहीतर हात आत आला की कागद धूसर, हात गेला की स्पष्ट, असं दर ओळीला होतं आणि बघणाऱ्याला गरगरतं.

ट्यूबलाइटमध्ये व्हिडिओवर पट्टे सरकताना दिसले तर घाबरू नका. आपली वीज 50 हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो, त्यामुळे फोनच्या प्रो मोडमध्ये शटर 1/50 किंवा 1/100 ठेवलं की पट्टे जातात. मागचा कॅमेरा वापरा, एअरप्लेन मोड लावा, 1080पी पुरे. त्यातही मिनिटाला शंभर-सव्वाशे एमबी जातात, म्हणजे तुमचं 48 मिनिटांचं लेक्चर पाच-सहा जीबी. आधी जागा बघा. माझ्या बायकोचं सुरळीच्या वड्यांचं अख्खं रेकॉर्डिंग शेवटच्या दोन मिनिटांत स्टोरेज फुल होऊन थांबलं होतं, त्या दिवशी घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. लॅपटॉपची स्क्रीन रेकॉर्ड करायची तर ओबीएस स्टुडिओ फुकट आहे, त्यात फाइल एमकेव्हीमध्ये ठेवा, मधेच लाइट गेली तरी तोवरचं शाबूत राहतं, नंतर त्यातच एमपी4 करून मिळते.

आता लांबीबद्दल. 2014 साली फिलिप गुओ आणि आणखी दोघा संशोधकांनी एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या चार कोर्समधली 69 लाख व्हिडिओ बघण्याची सत्रं तपासली होती. त्यात सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ लोक सगळ्यात जास्त टिकून बघतात असं दिसलं, हाताने लिहीत शिकवलेले नुसत्या स्लाइडपेक्षा जास्त, आणि जे शिक्षक भरभर, उत्साहाने बोलतात त्यांचे जास्त. वर्गातलं लांब लेक्चर तुकडे करून टाकलं तरी ते मुद्दाम छोटं बनवलेल्या व्हिडिओइतकं चालत नाही, हेही होतं त्यात. अर्थात ते हौसेने नाव नोंदवणारे लोक, आपली बारावीची पोरं बोर्डाच्या धाकाने बघणार, त्यामुळे सहाचा आकडा काही देवाची वाणी नाही. पण 48 नको. आणि सात मिनिटांचा तुकडा केला की मधे पंखा लावता येतो, पप्पूचा एसीही वाचला.

कॉमर्स_बारावी:

मी स्टुडंट आहे कोपरखैरण्याचा, बोलू का? मॅडम आम्ही 1.5 किंवा 1.75 वर बघतो, सावकाश बोलणारे सर असतील तर 2 वर. आणि पहिली दोन मिनिटं कोणीच बघत नाही, नमस्कार विद्यार्थी मित्रांनो वगैरे, सरळ पुढे ढकलतो. बंद केव्हा करतो सांगू? ट्रायल बॅलन्स, म्हणजे गणितात दिलेली सगळ्या खात्यांच्या आकड्यांची यादी, एकदा दाखवतात आणि गायब. मग सर म्हणतात की हा आकडा आपण वरून घेतला, अरे वरून म्हणजे कुठून?? मागे जा, शोधा, पुढे या, तोवर सरांनी दुसरी ॲडजस्टमेंट संपवलेली असते. गणित पूर्ण वेळ बाजूला दिसत राहिलं पाहिजे, नाहीतर खाली पीडीएफ द्या. आणि चूक झाली तर कापू नका ना, आमच्या एक मॅडमचा बॅलन्स शीट 500 ने टॅली नव्हता होत, त्या चार मिनिटं शोधत बसल्या आणि मग सापडलं, तो व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी शेवटपर्यंत बघितला कारण आमचंही तसंच होतं.

नौपाड्याची_बाई:

वरचं पोरगं शहाणं आहे, त्याचं ऐक.

अगं डेबिट, मी निवृत्त आहे, गणित शिकवायचे. लॉकडाउनमध्ये साठीच्या उंबरठ्यावर मोबाईलसमोर बोलायला लागले तेव्हा माझंही असंच झालं होतं. मोबाईलकडे बघून बोलायला लाजच वाटते, कोणी मान हलवत नाही, कोणी जांभई देत नाही, मग आपण पाठ म्हटल्यासारखं म्हणत सुटतो. मी शेवटी खालच्या मजल्यावरच्या मुलीला समोर बसवलं, मोबाईलच्या अगदी मागे. फोटोबिटो नाही, जिवंत मूल. तिच्या कपाळाला आठी पडली की मी आपोआप थांबायचे आणि दुसऱ्या शब्दांत सांगायचे, ते सगळं व्हिडिओत यायचं. तिला रोज एक वडापाव, एवढाच खर्च.

आणि सुरुवात बदल. आर.डी.डी.चं घे, म्हणजे उधारी बुडेल या अंदाजाने बाजूला ठेवायचा निधी. तू काय करत असशील, 'आज आपण संशयित कर्ज निधी म्हणजे काय ते पाहणार आहोत', मग व्याख्या, मग स्वरूप. त्याऐवजी पहिल्याच वाक्याला चूक टाक. कागदावर लिही: ऋणको (ज्यांच्याकडून उधारी यायची ते) 40,000. आणखी बुडीत कर्ज 2,000. निधी 5 टक्के. आणि म्हण, बहुतेक जण इथे निधी 40,000 चे 5 टक्के म्हणून 2,000 लिहितात आणि मार्क घालवतात, तुम्ही किती लिहाल? व्हिडिओ थांबवा आणि लिहा. मग खरोखर पाच सेकंद गप्प बस. ते पाच सेकंद फार जड जातात, सवय नसते आपल्याला, पण बस. मग सांग की बुडालेले 2,000 आता येणारच नाहीत, त्यांच्यासाठी निधी कशाला ठेवायचा, म्हणून आधी ते वजा, उरले 38,000, त्याचे 5 टक्के 1,900. नफातोटा खात्याला 2,000 आणि 1,900 दोन्ही जातील, जुना निधी असेल तर तो वजा, आणि ताळेबंदात ऋणकोंमधूनही हे दोन्ही कमी. झालं. सहा मिनिटंसुद्धा लागणार नाहीत. व्याख्या सगळ्यात शेवटी दे, तोपर्यंत त्यांना ती स्वतःच कळलेली असते. (मी गणितवाली, अकाउंट्स मुलीला शिकवता शिकवता शिकले, चुकलं असेल तर सांभाळून घे.)

डेबिट_क्रेडिट:

बाई, एक अक्षर चुकलेलं नाही. आणि हो, माझी सुरुवात शब्दशः तशीच आहे, तुम्ही व्हिडिओ बघितलात की काय असं वाटलं!

तीन आठवड्यांनी अपडेट देतेय. माईक आला. पहिल्या दिवशी बटण चुकीच्या बाजूला होतं, वाशीकर तुम्ही लिहिलेलं होतं तरीही, अख्खं मुकं रेकॉर्डिंग झालं. आता दुपारी अडीच ते चार रेकॉर्ड करते, गोधडी दोरीवर, बांगड्या साखरेच्या डब्यात. समोर लेकीला बसवलं तर ती मोबाईलच बघत बसली, मग शेजारच्या अकरावीतल्या मुलाला बसवलं, तो इतके प्रश्न विचारतो की सात मिनिटांचे अकरा होतात. राहू दे म्हटलं. ट्रायल बॅलन्स मोठ्या अक्षरात लिहून कागदाच्या डावीकडे चिकटवते, पूर्ण वेळ फ्रेममध्ये.

आर.डी.डी.चा व्हिडिओ नऊ मिनिटांचा झालाय, पोरं सरासरी सहा मिनिटं बघतायत. भागीदारांच्या भांडवलाचा जुना व्हिडिओ अजून दोन मिनिटांवरच आहे, तो नव्याने करायला पाहिजे पण 48 मिनिटांचे सात तुकडे करायचे म्हणजे सगळी गणितं परत निवडायची, दिवाळीपर्यंत तरी होत नाही. क्लासवाल्यांचं म्हणणं, व्हिडिओ छोटे झाले तर पालक विचारतील फी तेवढीच का. त्यांना काय सांगायचं ते कोणाला सुचलं तर सांगा.

एका व्हिडिओत मधेच लोकलचा भोंगा राहिलाय, कापायला विसरले. तिथे मी 'जाऊ दे बिचारीला' असं म्हणाले, तेवढंच वाक्य आता वर्गात पोरं मला ऐकवतात.

पाचपाखाडीचा पप्पू:

पालकांना गणितांची संख्या सांगा, मिनिटं नका सांगू. बाकी तो लवचिक मानेचा स्टँड स्टेशनजवळ कुठे मिळेल का कोणाला माहितीये? ऑनलाइन मागवलेला मोबाईल लावला की मान टाकतो.

ऐरोलीकर_आयटी:

तो नका घेऊ पातळ मानेचा. टेबलाला पकड असलेला, दोन सांध्यांचा बघा, दिव्याच्या स्टँडसारखा. मोबाईल घेऊनच दुकानात जा, लावून बघा, दोन मिनिटं थांबा, खाली आला की परत द्या.