मणिबेन पटेल: सरदारांची मुलगी, आणि नंतरची चाळीस वर्षे

नोंदवही यांचा प्रश्न:

सरदार वल्लभभाई पटेलांविषयी वाचताना मणिबेन सतत भेटतात, पण नेहमी दाराशी उभ्या असल्यासारख्या. वडिलांची औषधे देताना, भेटीला आलेल्यांना वेळ संपल्याची जाणीव करून देताना, नाहीतर सूत कातताना त्या दिसतात. सरदारांचे निधन 15 डिसेंबर 1950 रोजी मुंबईत झाले. तेव्हा मणिबेन 47 वर्षांच्या होत्या आणि त्यानंतर त्या 1990 पर्यंत जगल्या. बहुतेक चरित्रकार मात्र सरदारांच्या अंत्ययात्रेनंतर त्यांचा हात सोडून देतात. त्यांना स्वतःचे असे सार्वजनिक जीवन होते का, की गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई यांच्याप्रमाणे एका थोर माणसाच्या सेवेतच त्यांचे सारे आयुष्य गेले? पैशांची पिशवी घेऊन त्या पंडित नेहरूंकडे गेल्याची गोष्ट समाजमाध्यमांवर वारंवार फिरते. तिच्यात तथ्य किती, हेही कोणी सांगितल्यास बरे होईल.

जुनी पाने यांचे उत्तर:

सुरुवात अलीकडून न करता थोडी मागून करावी लागेल. मणिबेनांचा जन्म 1903 चा, धाकटे बंधू डाह्याभाई 1905 चे. आई झवेरबा 1909 मध्ये मुंबईत शस्त्रक्रियेनंतर वारल्या आणि पुढच्याच वर्षी वल्लभभाई बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला गेले. त्यामुळे या मुलीचे बालपण आणि इंग्रजी शाळेतले शिक्षण मुंबईत, काका विठ्ठलभाईंच्या छायेत झाले. बापलेकीत त्या काळी बोलणे फारच थोडे होत असे. पुढे जे घट्ट नाते दिसते ते घरात नव्हे, चळवळीत जुळले, असे माझे मत आहे.

1920 मध्ये त्या अहमदाबादला आल्या आणि असहकाराच्या काळात स्थापन झालेल्या गुजरात विद्यापीठातून 1925 साली पदवीधर झाल्या. बोरसदचा लढा (1923-24) आणि बारडोलीचा सत्याग्रह (1928) या दोन्ही ठिकाणी त्यांचे काम सरदारांच्या कामाहून वेगळे होते. सभेला पुरुष येत, पण जप्तीचा अधिकारी दाराशी येई तेव्हा घरात बाई एकटी असे, आणि भांडीकुंडी, म्हैस डोळ्यांदेखत जाताना तिचा धीर टिकला नाही तर सरकारी कर न भरण्याची शपथ कोलमडली असती. त्या बाईपर्यंत पोहोचण्याचे काम मिठुबेन पेटिट, भक्तिबा देसाई आणि मणिबेन यांनी घरोघर फिरून केले. 1939 मध्ये राजकोटच्या लढ्यात त्या कस्तुरबांबरोबर नजरकैदेत होत्या, आणि 1942 नंतरचा त्यांचा तुरुंगवास येरवड्यातला आहे. तेव्हा निव्वळ 'सेवा करणारी कन्या' हे वर्णन मला अपुरे वाटते.

ठिगळ यांचे उत्तर:

जुनी पाने यांच्याशी मी सहमत आहे, तरी सेवेचा भाग इतक्या सहज बाजूला सारू नये, कारण मणिबेनांचे सर्वांत टिकाऊ काम त्याच सेवेतून आले आहे. 1936 ते 1950 या काळातली त्यांची रोजनिशी आता प्रसिद्ध झालेली आहे. सरदार स्वतः लिहिण्याच्या बाबतीत कंजूष होते. कोण आले, काय बोलणे झाले, सरदार कशावर चिडले, हे आपल्याला आज जे कळते त्यातले बरेचसे या नोंदींमुळेच कळते. अर्थात ती एका बाजूची साक्ष आहे. नेहरू आणि पटेल यांच्यातल्या मतभेदांबद्दल वाचताना लेखणी कोणाच्या हातात होती, हे विसरून चालत नाही.

दिल्लीत 1, औरंगझेब रोडवर त्या घर सांभाळत, पत्रव्यवहार पाहत आणि कोणाला किती वेळ भेट द्यायची हेही ठरवत. मार्च 1948 मधल्या हृदयविकाराच्या झटक्यानंतर तर हा पहारा अधिकच कडक झाला, आणि त्यातून त्या तुसड्या असल्याची ख्याती झाली. मला त्यात गैर काही दिसत नाही. आजारी गृहमंत्र्याच्या दारावर गोड बोलणारा माणूस उपयोगाचा नसतो. मार्च 1949 मध्ये सरदारांचे विमान बिघडून जयपूरजवळ नदीच्या कोरड्या पात्रात उतरवावे लागले, तेव्हाही त्या विमानात होत्या.

काँग्रेसचे नेते महावीर त्यागी यांनी सांगितलेला एक प्रसंग येथे नोंदवतो. मणिबेनांच्या साडीला मोठे ठिगळ पाहून त्यांनी थट्टा केली की, अशी साडी नेसून आमच्या डेहराडूनच्या रस्त्यावर निघालात तर लोक भिकारीण समजून हातावर आणे ठेवतील. सरदारही त्या हसण्यात सामील झाले. मग गांधीजींच्या सहकारी डॉ. सुशीला नायर यांनी सांगितले की या दिवसभर काम करून शिवाय सूत कातत बसतात, आणि त्या सुताचे सरदारांचे धोतर, सदरे होतात. (माझे टोपणनाव तेथूनच घेतले आहे.)

कोरी पाटी यांचे उत्तर:

पिशवीची गोष्ट निराधार नाही, पण तिचा उगम नीट पाहावा. 'अमूल'चे वर्गीज कुरियन यांनी आपल्या आठवणींमध्ये ती मणिबेनांच्या तोंडून ऐकल्याचे लिहिले आहे. सरदारांनी सांगितल्याप्रमाणे काँग्रेसच्या पैशांची पिशवी आणि वही त्यांनी दिल्लीला जाऊन नेहरूंच्या हाती दिली. नेहरूंनी आभार मानले. आता आपले कसे चालणार, एवढे तरी नेहरू विचारतील असे मणिबेनांना वाटले होते, पण तसे घडले नाही. म्हणजे ही एका व्यक्तीने अनेक वर्षांनी सांगितलेली आणि दुसऱ्याने त्याहून उशिरा लिहिलेली आठवण आहे. मला ती खरी वाटते. मात्र तिच्या आधारे 'काँग्रेसने त्यांना वाऱ्यावर सोडले' असे जे म्हटले जाते ते टिकत नाही. 1952 आणि 1957 मध्ये त्या काँग्रेसच्याच उमेदवारीवर लोकसभेत गेल्या आणि 1964 ते 1970 राज्यसभेत होत्या. 1969 मध्ये पक्ष फुटल्यावर त्या संघटना काँग्रेसमध्ये (इंदिरा गांधींच्या विरोधातल्या गटात) राहिल्या, 1973 मध्ये साबरकांठाची पोटनिवडणूक जिंकल्या आणि 1977 मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तरीच्या उंबरठ्यावर, मेहसाण्यातून जनता पक्षाच्या खासदार झाल्या. वडिलांच्या पुण्याईचा वाटा यात निश्चितच होता. परंतु सत्तेवर असलेल्या इंदिरा गांधींच्या विरोधात उभे राहण्याचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता.

नोंदवही:

सर्वांचे आभार. 1957 आणि 1964 यांच्या मधली वर्षे मात्र आपल्या उत्तरात आली नाहीत. डाह्याभाईही राजकारणात होते ना?

कोरी पाटी:

होते, आणि तेथेच गंमत आहे. 1962 मध्ये मणिबेन आणंदमधून काँग्रेसतर्फे उभ्या राहून 'स्वतंत्र' या नावाच्या विरोधी पक्षाच्या उमेदवाराकडून हरल्या, आणि डाह्याभाई त्याच 'स्वतंत्र' पक्षात होते. ते 1958 पासून राज्यसभेवर होते. त्यामुळे 1964 नंतर सरदारांची दोन्ही मुले काही वर्षे एकाच सभागृहात, एक सत्ताधारी बाकांवर आणि दुसरे विरोधी बाकांवर, बसत असत.