रात्री नाटकाचा प्रयोग, पहाटे प्रवास: घामेजलेले कपडे कसे न्यायचे?

प्रश्न: पडदा पडल्यावर तासाभरात सगळं ट्रकमध्ये. भिजलेले कपडे पेटीत कोंबले की सकाळी कुबट वास मारतात. उपाय?

उत्तर १: ओला कपडा पेटीत बंद करूच नका, बुरशी तिथेच धरते. उलटा करून हँगरला लावा, वर सुती कव्हर; प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते. प्रत्येक नटाला आतून सुती बनियन द्या. घाम तेच शोषतं आणि रोज धुता येतं.

उत्तर २: भरजरी कपड्यांना काखेत आतून ७० टक्के अल्कोहोल फवारा, आधी शिवणीत रंग जातो का ते तपासून. अत्तर नको! वास दबतो, घाम तसाच राहतो.

उत्तर ३: कपडेपट ट्रकमध्ये शेवटी चढवा, म्हणजे आधी उतरतो. सेट लागेपर्यंत पंख्याखाली वाळतो. घामावर इस्त्री फिरवलीत तर डाग पक्का बसेल.