आमच्या डीपीच्या (विकास आराखड्याच्या) नकाशात ओढाच नाही, हरकत कशी लिहायची?

गिरणीवाली

नमस्कार मंडळी. आमचं गाव क वर्ग नगरपरिषदेचं. नाव लिहीत नाही, भाऊबंदकी आहे. बावीस वर्षं पिठाची गिरणी चालवते.

पालिकेचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झालाय. पुढच्या वीस वर्षांत रस्ते कुठून जाणार, शाळा-दवाखाना कुठे, शेती कुठवर राहणार, घरं कुठे होणार, सगळं त्यात. नकाशा पालिकेत भिंतीवर लावलाय, पण कामधंदा सोडून तिथे कोण जाणार? म्हणून मुलाला तालुक्याला पाठवून मोठी प्रिंट काढून आणली आणि गिरणीत डब्यांच्या फळीमागे डकवली. दळण होईस्तोवर लोक बघत उभे राहतात.

आठ दिवसांत त्या नकाशाची काय दशा झाली बघा. पिठाचा हात घेऊन जो तो आपला गट शोधतो, बोट ठेवतो आणि "सुटलो" नाहीतर "मेलो" म्हणून डबा उचलून जातो. सगळ्या नकाशावर पांढरे ठिपके. रिंगरोड ज्यांच्या दारावरून जातो तिथे तर पिठाचा थर. आठवडी बाजार कुठे बसणार हे एकानेही विचारलं नाही. त्याला जागाच दिलेली नाही, पण बाजार कोणाच्या सातबाऱ्यावर नसतो ना.

आणि गावठाणाच्या खाली, जिथून ओढा जातो, तिथे एकसुद्धा ठिपका नाही. कारण तिथे ओढाच नाही! सरळ पिवळा रंग, म्हणजे रहिवास. स्मशानाजवळच्या पुलापर्यंत निळी रेघ आहे, मग गायब, आणि खाली नदीपाशी परत उगवते. मधलं पाणी काय उडत जातं का?

आठ महिने ओढा कोरडा असतो, मान्य. पण माझ्या गिरणीत गुडघाभर पाणी दोनदा आलंय. तेव्हा मोटर कट्टा करून वर चढवली, ती अजून वरच आहे.

आता माझी अडचण. एक, माझे नऊ गुंठे "प्राथमिक शाळा व क्रीडांगण" म्हणून आरक्षणात गेलेत. दोन, त्याच पिवळ्या पट्ट्यात धाकट्या दिरांनी प्लॉट पाडलेत, काही विकलेही आहेत. ओढा दाखवा म्हणून मी अर्ज दिला की घरात काय होईल ते सांगायला नको.

तर विचारायचं असं, की अर्ज एकच करू की दोन? स्वतःचं आरक्षण उठवा म्हणणाऱ्या बाईचं ओढ्याबद्दल कोणी ऐकेल का? आणि कोरडा ओढा सिद्ध कसा करायचा? बारा दिवस उरलेत.

सातबारा

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ओढ्याचं ओढा बघून घेईल. आधी ते नऊ गुंठे सोडवा.

आमच्या वडिलांची जागा बागेसाठी आरक्षित होती. ना बाग झाली, ना पैसे मिळाले, ना घर बांधू दिलं. एमआरटीपी कायद्याचं (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा) कलम १२७ आहे. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जागा घेतली नाही, तर मालकाने मालकीच्या कागदांसह नोटीस द्यायची. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाचं पाऊल पडलं नाही तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. आमच्या वेळी ही मुदत ६ महिन्यांची होती. पालिकेने घाईघाईत नुसता ठराव केला आणि म्हणाले, हेच पाऊल. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या निकालात सांगितलं की नुसत्या ठरावाने भागत नाही, त्यावर आम्ही सुटलो. वडील तोवर गेले होते.

तुमच्यावर ही पाळी नको असेल तर आत्ता, प्रारूप असतानाच हरकत घ्या. नंतर दहा वर्षं नकाशाकडे बघत बसाल.

निवृत्त आरेखक

आक्का, अर्ज दोन करा. वेगवेगळ्या तारखेला, वेगळ्या आवक क्रमांकाचे. एकत्र लिहिलंत तर कारकून पहिला परिच्छेद वाचणार, "आरक्षण वगळणे" या गठ्ठ्यात टाकणार आणि ओढा त्या गठ्ठ्यात बुडणार.

ओढे नकाशातून जातात कसे ते सांगतो, मी स्वतः घालवलेला आहे एक. पूर्वी ट्रेसिंग क्लॉथवर शाईने काम चालायचं. एका गावाच्या दोन शीट जोडताना नेमका घडीवर ओढा आला. घडीवरची शाई उडालेली, मी दोन्हीकडची हद्द जुळवली आणि पुढे गेलो. मागे खाडाखोड नाही, काही नाही, स्वच्छ काम! साहेबांनी शाबासकी दिली. दोन वर्षांनी जागेवर गेलो तेव्हा मोरीतून पाणी वाहत होतं. आता कापड गेलं, उपग्रहाचं चित्र आलं. पण चित्र एप्रिल-मेचं असलं तर बाभळीखाली कोरडा ओढा कोणाला दिसतो? संगणकावर बसलेल्या पोराला ते पडीक रान वाटतं.

म्हणून पुरावा कागदाचा द्या. भूमि अभिलेख कार्यालयातून जुन्या गाव नकाशाची नक्कल काढा, त्यात ओढा दुहेरी रेघेने असतो. मग त्या पट्ट्यातल्या गटांचे सातबारे काढा आणि पोटखराब, म्हणजे लागवडीलायक नसलेली जमीन, बघा. "वर्ग ब" असेल तर ती रस्ते, ओढे असल्या सार्वजनिक वापराची जमीन. गट नंबर एकाखाली एक लिहा, पुलापासून नदीपर्यंत, एकही न गाळता. गिरणीतल्या पाण्याचा फोटो असेल तर तारखेसकट जोडा. भावनेचं एक वाक्यसुद्धा नको. शेवटी मागणी एका ओळीत : "प्रस्तावित जमीन वापर नकाशात ओढ्याचे पात्र दर्शवावे व त्यावरील रहिवास विभाग वगळावा."

मुदत राजपत्रातल्या सूचनेपासून ३० दिवस (पूर्वी ६० होती). अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. मग कलम २८ खाली नियोजन समिती सुनावणीला बोलावते. त्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. तुम्ही बोलायचं त्या जाणकारांकडे बघून. तिथे हुकलं तरी आराखडा कलम ३० खाली शासनाकडे जातो आणि मंजूर होताना काही तुकडे पुन्हा हरकतींसाठी बाहेर येतात, त्यांना ईपी म्हणतात. पण त्याच्यावर विसंबू नका.

शाळेच्या आरक्षणाचं म्हणाल, तर "नको" एवढंच लिहू नका. जवळपास पालिकेची किंवा सरकारी मोकळी जागा असेल तर तिचा गट नंबर द्या. गावाला शाळा लागणारच आहे. तुम्ही पर्याय दिलात तर समितीला हो म्हणायला तोंड राहतं.

गिरगावकर

दोन-चार माणसांनी काय होणार, असं कोणी म्हणालं तर त्यांना मुंबईचं सांगा. २०३४पर्यंतचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. कुठे उभ्या इमारतीवरून रस्ता, कुठे वारसा वास्तूच गायब. लोकांनी वॉर्डावॉर्डात नकाशे पसरून चुका काढल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्री फडणवीसांनी तो नव्याने करायला लावला. सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला, मंजुरी २०१८ला. त्याआधी जमीन वापराचे नकाशे आले तेव्हा आमच्या चाळीतली आम्ही पाच-सहा पोरं झेरॉक्स घेऊन गल्लीगल्ली फिरलो होतो. दोन रविवार गेले, चपला झिजल्या. मजा आली खरं तर.

आणि @सातबारा, ओढ्याचं ओढा बघून घेतो हे बरोबर आहे. पुण्यात आंबील ओढ्याने २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री पूर आणून बघितलंच की.

सातबारा

ते बोललो ते चुकलंच. मामेबहीण तिथेच, सहकारनगरला असते. मागे घेतो.

गिरणीवाली

सगळ्यांचे आभार. काय झालं ते लिहिते, उशीर झालाय त्याबद्दल माफी.

गाव नकाशाची नक्कल मिळाली. आरेखक दादा, दुहेरी रेघ आहे! पुलापासून नदीपर्यंत सलग. पण ती माझ्याही नऊ गुंठ्यांचा खालचा कोपरा कापून जाते. सासऱ्यांनी तिथे भराव टाकून चिंच लावली होती, आम्हाला वाटायचं बांध आहे. म्हणजे माझ्याच अर्जाने माझेही गुंठे कमी होणार. रात्री मुलाने विचारलं, तो एक गट गाळूया का यादीतून? "एकही न गाळता" असं तुम्ही लिहिलं होतं, ते त्याला वाचून दाखवलं. यादीत आमचा गट पाचवा आहे.

दिरांना मीच सांगितलं, पालिकेतून कळण्याआधी. ते चहा न घेता उठले. जाऊबाईंनी मात्र संध्याकाळी बाजरीचा डबा नेहमीसारखा पाठवला, पोराच्या हाती. त्यांचा ठिपका कुठला ते मला माहीत आहे.

शाळेच्या अर्जात जुन्या कोंडवाड्याची जागा सुचवली आहे. ती पालिकेचीच आहे. आठवडी बाजारासाठी तिसरा अर्ज भाजीवाल्या बायकांनी केलाय, मी फक्त लिहून दिला. एकोणीस अंगठे-सह्या झाल्यात.

ओढ्याच्या अर्जाला शिक्का मिळाला. आवक कारकून नकाशाची घडी घालून फाइलला लावणार होता. मी म्हटलं, थांबा, घडी नका घालू, ओढा जातो. त्याला काही कळलं नाही, पण गुंडाळून ठेवला.

निवृत्त आरेखक

सुनावणीची नोटीस आली की कळवा. नकाशाची दुसरी प्रत स्वतः घेऊन जा, पिठाचे ठिपके असलेलीच.