मदत हवी आहे: लेकीचा पहिला डीअर सीझन (विस्कॉन्सिन)

मंडळी, इकडे हरणाच्या शिकारीला कोणी मुलांना घेऊन जातं का? लेक १२ वर्षांची, यंदा जायचंच म्हणतेय. तिचा हंटर एज्युकेशनचा कोर्स व्हायचाय, म्हणून नियमाप्रमाणे मेंटॉर (सोबतचा जाणता शिकारी) हाताच्या अंतरावर हवा. शेजारचे आजोबा तयार आहेत, जमीनही त्यांचीच. मी आपला थर्मास सांभाळणार.

खरी अडचण रायफलची. त्यांच्याकडे .३०-०६ (मोठ्या काडतुसाची, जोरात धक्का देणारी) आहे, रेंजवर एकदा झाडली तर लेकीचा खांदा दुखला आणि पुढच्या वेळी ती चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागली. कमी धक्क्याची .२४३ घ्यावी का? छोट्या दस्त्याची मिळते म्हणे.

दुसरं, नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी गन सीझन सुरू होतो तेव्हा थंडी मरणाची. त्यापेक्षा ऑक्टोबरातला मुलांसाठीच्या शिकारीचा वीकेंड बरा पडेल? मचाणावर तिघं मावणार नाही, जमिनीवरचा तंबूवजा ब्लाइंड (लपून बसायचा आडोसा) चालेल ना? शिकाऱ्यांना घालावं लागतं ते भडक केशरी जॅकेट तिला नको, गुलाबी हवंय (तेही चालतं इथे, सुदैवाने!).

आणि हरीण पडलंच, तर जागेवर पोट साफ करताना तिला थांबवावं की गाडीत पाठवावं? सासूबाई माळकरी आहेत, त्यांना काय सांगायचं तेही सुचवा.